तीन पेले

ओतियाला भिंतीवर लावायला कागद हवा होता.
नवी मुलगी रोज वेगळंच काहीतरी करते, म्हणाला,
परवा रस्सा पाण्यासारखा, काल चमचा उभा राहील असा.
नेस्तान, तू सगळं ग्रॅममध्ये लिहून दे.

आईची वही काढली.
सात्सिवी: कोंबडी एक, लसूण, व्हिनेगर,
निळी मेथी, झेंडूच्या वाळल्या पाकळ्या चिमूटभर,
अक्रोड तीन पेले.
एवढंच. पुढे तेलाचा डाग.

कुठला पेला, ते नाही.
काठोकाठ की खालच्या रेघेपर्यंत, ते नाही.
अर्धुकं, तुकडे, की कुटून? तेही नाही.
तिला कुणी विचारणारच नव्हतं,
ती स्वतःसाठी लिहीत होती.

सकाळी सात वाजता, कुतैसीत अजून धुकं,
घरचा पैलूदार पेला आणि ओतियाचा नवा काटा
मी समोरासमोर ठेवले,
सोयरिकीला बसवल्यासारखे.

रेघेपर्यंत अर्धुकं: त्र्याऐंशी.
(आत हवाच फार. एकमेकांना खेटत नाहीत,
लग्नात रुसलेल्या आत्यांसारखी बसतात.)
सुरीने तुकडे केले: शंभर.
म्हटलं, कळलं गणित, बारीक केलं की वजन वाढतं.
म्हणून कुटले.
सडुसष्ट.
काटा झटकला, पुन्हा मोजले. सडुसष्टच.
कुटलेला अक्रोड फुगून बसतो,
अंगठ्याने दाबला की नरमतो, आणखी मावतो:
अठ्ठ्याण्णव.
माझ्या अंगठ्याने. आईचा रुंद होता.

मापात पाप नको म्हणतात,
पण पुलापलीकडच्या बाजारात त्सिउरीमावशी
अजून पेल्यानेच विकते:
शीग लावते, तळहाताने पाडते,
मग गिऱ्हाइकाच्या पोराकडे बघून
दोन अर्धुकं वर ठेवते.
त्या दोघांचं वजनही मी केलं. चार ग्रॅम.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

दाबून, तीन पेले: दोनशे चौऱ्याण्णव.
त्या मापाने सात्सिवी केली.
दाट झाली, मखमली, पांढऱ्यावर पिवळसर झाक.
ओतियाने पाव फिरवून ताट पुसलं.
मी मात्र चमचा धरून बसले,
कारण ही आईची नव्हती.
आईची पातळ असायची.
जिभेला किंचित रवाळ लागायची.

त्सिउरीमावशीकडे गेले, चूक कुठे झाली विचारायला.
ती अक्रोड फोडत होती, मान वर केली नाही.
कुठल्या पेल्याने केलीस?
पैलूदार? तो तर त्या हिवाळ्यात
कपाटाच्या वरच्या फळीवर गेला गं,
वीज नव्हती, पावाच्या रांगेत आम्ही पहाटेपासून.
तुझ्या आईने द्राक्षाच्या दारूचा पेला खाली काढला, एवढुसा,
आणि त्याने मोजायची. मोठ्याने.
एक. दोन. तीन.
तुम्ही पोरं पलीकडच्या खोलीत ऐकत असायचात.
वर मूठभर मक्याचं पीठ.

आठवलं.
मेणबत्ती, आणि भिंतीपलीकडून येणारे ते तीन आकडे.
तीन ऐकलं की मी निर्धास्त झोपायचे.

तो पेला अजून आहे घरी, कड थोडी टवका गेलेली.
दाबून भरला. चोवीस ग्रॅम.
रिकामा ठेवला. एकसष्ट.

ओतियाच्या कागदावर मी लिहिलं: अक्रोड, कुटलेले, २९४.
तीनशे कर ना सरळ, तो म्हणाला,
मी तीनशे केलं.
वहीत काही खोडलं नाही, काही वाढवलं नाही.

संध्याकाळी नवी मुलगी, मझिया तिचं नाव,
भिंतीपाशी बोट लावून वाचत होती.
मागे वळली.
आणि लसूण? लसूण किती ग्रॅम?
मी म्हटलं, पोरी, तुझा हात बघू.